भंगारातल्या पाट्याची सुरी, आणि नमुन्याचा भूतकाळ

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी जाऊन एक सुरी बनवली. जीपच्या जुन्या कमानपाट्यापासून, म्हणजे चाकांच्या वर स्प्रिंग म्हणून ज्या पोलादी पट्ट्या असतात त्यांतल्या एकीपासून. चार दिवस मेहनत केली आणि पाचव्या दिवशी व्हाइसमध्ये धरून वाकवून बघताना ती खाडकन तुटली.

तुम्ही म्हणाल, पीएच.डी.च्या तयारीशी याचा काय संबंध? संबंध असा, की त्या वेळी माझ्या लॅबमध्ये पाच महिन्यांचा डेटा असाच तुटून पडला होता आणि का, ते मला कळत नव्हतं. सुरी का तुटली हे शोधताना मला तिथलंही उत्तर सापडलं. म्हणून आज दोन्ही सांगते: भंगारातल्या पोलादाची सुरी कशी बनते, आणि ती बनवताना संशोधनाचा कुठला धडा मिळतो.

आधी एक खुलासा. मी निवडलेला साचा बाहेरच्या देशांत शिकारीची सुरी म्हणून ओळखला जातो: साधारण दहा सेंटिमीटरचं पातं, जाड पाठ, आणि पातं व मूठ एकाच सलग पट्टीतून. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून लागू आहे, त्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही. मला ती ट्रेकला दोरी कापायला, बांबू तासायला हवी होती. बनवणार असाल तर आकार लहानच ठेवा. घरगुती किंवा शेतीकामाची नसलेली, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाती शस्त्रांच्या नियमांत मोडतात.

हे पोलाद आहे तरी कुठलं?

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. तिथले लोहारकाका गेली कित्येक वर्षं ऊसतोडीचे कोयते जुन्या कमानपाट्यांपासूनच बनवतात. रस्त्याकडेला पाल टाकून विळे-पावश्या करणारे घिसाडीही हेच करतात. बांधकामाची सळई स्वस्त आणि मुबलक असताना पाटाच का, याचं उत्तर कार्बनमध्ये आहे.

लोखंडात कार्बन अगदी थोडा असतो, पण सगळा खेळ त्याचाच. बांधकामाच्या सळईत तो जास्तीत जास्त 0.3 टक्क्यांच्या आसपास. अशा पोलादाला कितीही 'पाणी दिलं' (लोहार तापवून विझवण्याला पाणी देणं म्हणतात) तरी टिकाऊ धार येत नाही. कमानपाट्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के, जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. चांगल्या कानशीत एक टक्का किंवा थोडा जास्त. बॉल बेअरिंगच्या पोलादात एक टक्का कार्बन आणि सुमारे दीड टक्का क्रोमियम.

हे आकडे पाठ करून भंगारवाल्याकडे गेलात तर मात्र फसाल. कारण 'पाटा' हे वस्तूचं नाव आहे, पोलादाचं नाही. आपल्याकडच्या गाड्यांत सिलिकॉन-मँगनीजचे पाटे असतात, क्रोमियमचे असतात, क्रोमियम-व्हॅनेडियमचेही असतात. स्वस्त कानशी कधीकधी आतून साध्या लोखंडाच्या असतात, फक्त वरच्या कातडीत कार्बन मुरवलेला असतो. तिची सुरी घासायला घेतली की ती कातडी निघून जाते आणि हातात मऊ पट्टी उरते. काही करवतींची पाती हायस्पीड स्टीलची असतात, त्यांना गावच्या भट्टीतली रीत लागूच पडत नाही.

म्हणजे भंगार हा लेबल नसलेला नमुना. संशोधनात अशा नमुन्याला पहिला प्रश्न विचारायचा: हे काय आहे?

स्पेक्ट्रोमीटर नसेल तर काय करायचं? मी तेच केलं जे कोणीही करू शकतं. पाट्याच्या टोकाकडून बोटभर लांबीचे तीन तुकडे कापले. एक तसाच ठेवला. दुसरा तापवून तेलात विझवला. तिसरा तापवून पाण्यात. मग तिन्हींवर नवी कानस फिरवून पाहिली. न तापवलेल्या तुकड्याला कानस कशीबशी धरत होती. तेलातल्या तुकड्यावरून ती काचेवरून घसरावी तशी घसरली. याचा अर्थ कार्बन पुरेसा आहे आणि हे पोलाद तेलात कडक होतं. पाण्यातला तुकडाही कडक झाला, पण भिंगाखाली पाहिल्यावर त्याच्या कडेला केसासारखी बारीक तडा दिसली.

मग तेलातला तुकडा जाड कापडात गुंडाळून, गॉगल लावून, व्हाइसमध्ये धरून मोडला आणि मोडीचा पृष्ठभाग पाहिला. तो मखमलीसारखा बारीक, राखाडी दिसला पाहिजे. साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर समजायचं, तापमान फार चढलं आणि कण मोठे झाले. असं पोलाद ठिसूळ. माझा तुकडा मखमली होता. मी वहीत लिहिलं, 'नमुना उत्तम', आणि कामाला लागले.

याच वेळी एक गोष्ट घडली, जी मी वहीत लिहिली नाही. लोहारकाकांनी उरलेला पाटा तारेला टांगला आणि हातोडीने हलकेच टकटक केली. "बद्द वाजतोय गं पोरी, दुसरा घे," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, मी तीन तुकडे तपासलेत, पोलाद चांगलं आहे. गंजामुळे वाजत असेल." त्यांनी पाटा माझ्या हातात दिला आणि ते परत भात्याकडे गेले.

कडकपणा येतो कुठून?

पाटा आधीच कडक करून मग मऊ केलेला असतो, त्यामुळे थेट करवतीने कापणं जिवावर येतं. म्हणून आधी भट्टीत लाल करून, सरळ करून, राखेत पुरून रात्रभर सावकाश गार होऊ दिला. सकाळी तो कापायला, घासायला मऊ झाला होता. मग कागदाचा साचा ठेवून आकार आखला, ग्राइंडरने कापला, मुठीच्या रिव्हेटसाठी भोकं पाडली (कडक झाल्यावर साधं ड्रिल चालत नाही), आणि पात्याचा उतार घासला. धार मात्र लावली नाही. कड दीड मिलिमीटर जाड ठेवली, कारण पातळ कड भट्टीत कार्बन गमावते आणि विझवताना वाकते.

आता मुख्य काम, पाणी देणं. साध्या तापमानाला पोलादातले लोखंडाचे अणू ज्या रचनेत असतात, तिच्यात कार्बनला फारच कमी जागा असते. 727 अंश सेल्सिअसच्या वर नवी रचना तयार व्हायला लागते, तिला ऑस्टेनाइट म्हणतात. तिच्यात कार्बन आरामात सामावतो. सावकाश गार केलं तर कार्बन बाहेर पडून वेगळे थर बनतात आणि पोलाद मऊ राहतं. झटकन गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, रचना ताणली जाते, आणि जे तयार होतं ते मार्टेन्साइट: अतिशय कडक, अतिशय ठिसूळ.

यात दोन अडचणी आहेत. पहिली, मार्टेन्साइट होताना पोलाद आकारमानाने तीन-चार टक्के फुगतं. बाहेरचा भाग आधी गार होऊन कडक झालेला असतो, आणि आतला भाग नंतर फुगू पाहतो. फार झटपट गार केलं की हा ताण सहन न होऊन तडा जाते. माझा पाण्यातला तुकडा म्हणूनच तडकला. तेल पाण्यापेक्षा सावकाश गार करतं, आणि पाट्याच्या पोलादाला तेवढा वेग पुरतो. साधं सूर्यफुलाचं तेल चालतं. ते 50-60 अंशांपर्यंत कोमट केलं तर पातळ होऊन पात्याला नीट भिडतं. गाडीचं जळकं तेल वापरू नका, त्याच्या धुरात नको नको ती रसायनं असतात.

दुसरी अडचण तापमान मोजण्याची. भट्टीत थर्मोकपल नव्हतं. सगळे सांगतात, चुंबक लावून बघा, चिकटायचं थांबलं की झालं. ही रीत उपयोगी आहे, पण ती नेमकं काय मोजते हे माहीत असलं पाहिजे. शुद्ध लोखंडाचं चुंबकत्व 770 अंशांना जातं, आणि ऑस्टेनाइट मुळातच चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे चुंबक सुटलं की रचना बदलायला लागली आहे एवढं कळतं. सगळा कार्बन विरघळला का, हे चुंबक सांगत नाही. पाट्याच्या पोलादाला 850 च्या आसपास जावं लागतं. म्हणून चुंबक सुटल्यावर रंग आणखी एक छटा उजळ होऊ द्यायचा आणि मिनिटभर तसाच ठेवायचा. हे काम संध्याकाळी, अंधुक उजेडात करायचं, कारण भर उन्हात लाल रंगाचा अंदाज हमखास चुकतो.

संशोधनातही आपण बऱ्याचदा हवी ती गोष्ट मोजत नाही, तिच्या शेजारची मोजतो. त्यात चूक काही नाही, फक्त आपण शेजाऱ्याला विचारतोय हे विसरायचं नाही.

पातं टोकाकडून सरळ खाली तेलात बुडवलं. बुडवल्यावर पुढे-मागे हलवायचं, आडवं नाही. आडवं हलवलं की एक बाजू आधी गार होते आणि पातं वाकतं. कानस घसरली. पातं कडक झालं होतं.

कडक पातं तसंच ठेवलं तर जमिनीवर पडूनही मोडू शकतं. म्हणून लगेच टेंपरिंग: पुन्हा मंद तापवून थोडा कडकपणा द्यायचा आणि चिवटपणा घ्यायचा. आईच्या ओटीजीत 200 अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळं थर्मामीटर ठेवा. आमच्या ओटीजीत बटण 200 वर असताना आत 225 होतं. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर या तापमानाला वाळक्या गवतासारखा पिवळसर रंग चढतो. तापमान वाढत गेलं तर तो तपकिरी, जांभळा, आणि 300 च्या आसपास निळा होतो. सुरीला पिवळा पुरे.

आणि मग ती वाकवून पाहिली. मुठीपासून तीन सेंटिमीटरवर तुटली.

मोडीचा रंग

माझा पहिला विचार: माझंच चुकलं. तेल फार गार होतं. किंवा तापमान जास्त झालं. किंवा टेंपरिंग कमी पडलं. मी वहीत चुकांची यादी करायला घेतली, आणि पुढच्या वेळी काय काय बदलायचं तेही लिहिलं. एकदम चार गोष्टी.

काकांनी यादी वगैरे पाहिली नाही. त्यांनी दोन्ही तुकडे उन्हात धरले, मोड माझ्याकडे फिरवली आणि विचारलं, "हे काळं कशानं झालं?"

मोडीच्या एका कडेला अर्धचंद्राच्या आकाराचा, चार मिलिमीटरचा एक भाग काळा होता. बाकी सगळी मोड स्वच्छ राखाडी.

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलेलंही होतं. तडेचा पृष्ठभाग हवेला उघडा असेल तर तापल्यावर त्यावरही ऑक्साइड चढतो, आणि कुठला थर चढला यावरून तडा कधी पडली ते कळतं:

तडा भट्टीत जायच्या आधीपासून असेल, किंवा भट्टीत असतानाच पडली असेल, तर तिच्यावर जाड काळी खपली दिसेल.

तडा तेलात विझवताना पडली असेल, तर भट्टीची खपली नसेल. पण त्यानंतर टेंपरिंग झालंय, म्हणून तिच्यावर पिवळसर छटा दिसेल.

सगळं झाल्यावर, मी वाकवताना पडली असेल, तर मोड स्वच्छ राखाडी दिसेल.

माझ्या यादीतल्या चारही चुका दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातल्या होत्या. पुरावा पहिल्याकडे बोट दाखवत होता. तडा मी पाणी द्यायच्या आधीच तिथे होती. मी फक्त ती शेवटाला नेली.

पण एक काळा डाग म्हणजे सिद्धता नव्हे. ती तडा मी पाटा सरळ करताना पडली असण्याचीही शक्यता होती. मग तपासायचं कसं? ज्या भागाला मी हात लावलेला नाही तो बघायचा. पाट्याचा अर्धा भाग अजून न तापवलेला होता. तो तारेच्या ब्रशने घासून रॉकेलमध्ये तासभर बुडवून ठेवला, कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड भुरभुरली. तडेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. लॅबमधल्या डाय पेनिट्रंट चाचणीचा हा जुना, घरगुती भाऊ. दहा मिनिटांत मधल्या बोल्टच्या भोकापासून निघालेली एक लांब रेघ दिसली, आणि जरा पलीकडे दुसरी, छोटी.

कमानपाटा वर्षानुवर्षं खड्ड्यांवरून वाकत-सरळ होत असतो. प्रत्येक झटका सहन होण्याइतकाच असतो, पण लाखो झटक्यांनंतर गंजाच्या एखाद्या खळगीतून किंवा बोल्टच्या भोकाच्या कडेतून बारीक तडा सुरू होते आणि मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते. याला फटीग म्हणतात. काकांना ऐकू आलेला बद्द आवाज बहुधा त्या लांब तडेचा होता. अखंड पोलाद खणखणतं. तडेपाशी कंपनांची ऊर्जा मुरते आणि आवाज लवकर विझतो.

माझे तीन तुकडे मग खोटं बोलले का? नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं: हे पोलाद कुठलं आणि ते कशात कडक होतं. मी दुसरा प्रश्न विचारलाच नव्हता: याच्यावर आधी काय काय गुजरलंय? टोकाचे तुकडे पदार्थाबद्दल सांगू शकतात, मधल्या तडेबद्दल नाही. काकांची टकटक मात्र सगळ्या पाट्याची चाचणी होती. आणि मी ती डेटा म्हणून मोजलीच नाही, कारण ती आकड्यात नव्हती.

लॅबमध्ये परत

आता लॅबचं सांगते. मी चाळीस नमुन्यांना अगदी एकसारखं तापवून तेलात विझवलं होतं. कडकपणाचे आकडे एका ठिकाणी यायला हवे होते. ते दोन ठिकाणी गोळा झाले: एक गट वर, एक खाली. पाच महिने मी भट्टीला दोष दिला. थर्मोकपल बदललं, तेल बदललं, नमुना ठेवायची जागा बदलली. दर वेळी वहीत लिहिलं, 'पद्धत सुधारली.' दोन गट काही हलले नाहीत. मॅडमनी एकदा विचारलंही होतं, "सळ्या कुठून घेतल्यास?" मी म्हटलं, "रॅकमधल्या." तिथेच विषय संपला होता.

दिवाळीनंतर परतल्यावर मी भट्टीकडे गेलेच नाही. चाळीसही नमुने स्पेक्ट्रोमीटरखाली घातले. त्यांतले सतरा वेगळ्याच पोलादाचे निघाले, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेल्या. बाकीचे साधं मध्यम कार्बनचं पोलाद. रॅकमध्ये दोन प्रकारच्या सळ्या शेजारी ठेवलेल्या, टोकांवरच्या रंगाच्या खुणा घासून गेलेल्या, आणि मी एकाच व्यासाच्या म्हणून दोन्ही उचललेल्या. भट्टी पहिल्या दिवसापासून ठीक होती.

सुरीच्या वेळी मला पदार्थ माहीत होता, इतिहास नाही. लॅबमध्ये इतिहास माहीत होता, पदार्थच नाही. दोन्हीकडे मी एकच गोष्ट केली: नमुन्याला काही न विचारता स्वतःच्या पद्धतीला दोष देत बसले. स्वतःला दोष देणं प्रामाणिकपणाचं वाटतं, म्हणून ते सोपं जातं. पण पुराव्याशिवाय स्वतःवर घेतलेला दोषही चुकीचाच निष्कर्ष असतो.

अशी गल्लत मोठ्यांचीही झालेली आहे. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरेडेने 1819 मध्ये भारतातून गेलेल्या 'वूट्झ' पोलादाचं रासायनिक विश्लेषण केलं. हे पोलाद दख्खनमध्ये बंद मुशीत बनत असे आणि त्याच्या पात्यांवरची नक्षी जगभर गाजलेली. फॅरेडेला त्यात अ‍ॅल्युमिना आणि सिलिका सापडले आणि वूट्झचे गुण त्यामुळे आहेत असं त्याला वाटलं. खरं मर्म भरपूर कार्बनमध्ये होतं. आणि नक्षीचं कोडं तर 1998 मध्ये जॉन व्हर्हुव्हेन यांच्या शोधनिबंधाने बरंच उलगडलं: धातुकात आपोआप आलेलं व्हॅनेडियमसारखं अत्यल्प मूलद्रव्य आणि घडवताना पुन्हा पुन्हा तापवणं-गार करणं, या दोन्हींमुळे ती नक्षी उमटते. म्हणजे पदार्थ आणि त्याच्यावर काय गुजरलं ते, दोन्ही. त्या निबंधाचे एक सहलेखक आल्फ्रेड पेंड्रे हे पाती घडवणारे लोहार होते. ते वाचताना मला आमच्या काकांचा हातोडा आठवला.

दुसरी सुरी

दुसरी सुरी मी पुढच्या सुट्टीत बनवली. तुम्हाला करून बघायची असेल तर हाच क्रम धरा. आधी अख्खा पाटा टांगून वाजवा. मग रॉकेल-खडूची चाचणी. बोल्टच्या भोकाच्या आसपासचा भाग घेऊच नका. मग तीन तुकड्यांची चाचणी. आकार दिल्यावर, पाणी द्यायच्या आधी, पातं तीनदा चुंबक सुटेपर्यंत तापवून हवेत गार करा, म्हणजे कण बारीक होतात. पुन्हा एकदा रॉकेल-खडू. मग तेल, मग लगेच ओव्हन. शेवटी धार लावताना पातं सतत पाण्यात बुडवत राहा. ग्राइंडरवर कड निळी पडली तर तिथला कडकपणा गेला. प्रत्येक बाजूने साधारण वीस अंशांची धार ठेवा. मुठीला मी बाभळीचं लाकूड वापरलं, इपॉक्सी आणि दोन पितळी रिव्हेट लावून.

सुरक्षेबाबत तडजोड नको. गॉगल, मास्क, सुती कपडे. गॅल्वनाइज केलेलं किंवा क्रोम चढवलेलं भंगार तापवू नका, धूर विषारी असतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा कुठलीही बंद नळी भट्टीत टाकू नका, ती फुटते. तेलाचं भांडं धातूचं, झाकण हाताशी, आणि तेल पेटलं तर पाणी कधीही ओतायचं नाही, झाकण घालायचं. पहिल्यांदा एखाद्या जाणत्या लोहाराजवळ उभं राहूनच करा.

या वेळी पातं व्हाइसमध्ये वाकवलं, ते सरळ होऊन परत आलं. काकांनी अंगठ्याने धार पाहिली, सुतळीचा तुकडा कापला आणि म्हणाले, "आता झाली." मी ते वहीत लिहिलं, तारखेसह.

माझ्या लॅबच्या वहीत आता प्रत्येक नमुन्याचं एक वेगळं पान असतं. मी त्याला जन्मदाखला म्हणते. त्यावर चार ओळी: कुठून आला, कुणी कापला, घटक कधी तपासले, आणि माझ्या हाती येण्याआधी त्याच्यावर काय झालं. चौथी ओळ बऱ्याचदा कोरी राहते. ती कोरी आहे हे दिसावं म्हणूनच ती ठेवली आहे. तुम्ही अजून संशोधन सुरू केलं नसेल तर तुमच्या प्रकल्पातला कुठलाही एक नमुना घ्या, मग ते पाणी असो, माती असो, पेशी असोत की सर्वेक्षणातून आलेली आकड्यांची फाईल असो, आणि या चार ओळी लिहून बघा. दोन ओळी तरी कोऱ्या राहतील. कामाची सुरुवात तिथून करा.